प्रोस्टेटच्या पेशीतले स्रावाचे कण कॅन्सरमधे कमी होतात, मग रक्तातला पीएसए वाढतो कसा?

काचपट्टी

इथे पीएसएवर (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रोटीन, कॅन्सरच्या शंकेसाठी ते रक्तात मोजतात) बर्‍याच वेळा चर्चा होते आणि दर वेळी कोणीतरी लिहितंच की कॅन्सरच्या पेशी पीएसए जास्त बनवतात म्हणून आकडा वाढतो. मी हिस्टोपॅथॉलॉजीत काम करते, रोज बायॉप्सीच्या स्लाइड बघते, आणि स्लाइडवर जे दिसतं ते जवळपास उलटं आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी निरोगी पेशी. प्रोस्टेट म्हणजे नळ्या नळ्यांची ग्रंथी. प्रत्येक नळीला आतून पेशींचे दोन थर असतात. आतला, पोकळीकडे तोंड करून बसलेला उंच पेशींचा थर, त्याला ल्युमिनल म्हणतात, स्राव तयार करणार्‍या याच. त्यांच्याखाली चपट्या बेसल पेशींचा थर आणि त्याखाली बेसमेंट मेंब्रेन नावाचा पातळ पडदा, त्याच्या पलीकडे रक्तवाहिन्या. ल्युमिनल पेशीला दिशा असते हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. केंद्रक तळाशी, त्याच्या वर गॉल्जी, म्हणजे माल पॅक करून पाठवणारा भाग, आणि गॉल्जीच्या वरचा भाग स्रावाच्या कणांनी गच्च भरलेला. हे कण साधारण १ मायक्रोमीटरचे, प्रत्येकाला स्वतःचं आवरण, आत पीएसए, प्रोस्टॅटिक ॲसिड फॉस्फटेज, जस्त आणि बाकी बरंच. कण वर सरकतात, पोकळीच्या बाजूला मोकळे होतात, माल वीर्यात जातो. पीएसएचं खरं काम तिथेच आहे, तो एक एन्झाइम आहे आणि घट्ट झालेल्या वीर्यातलं सेमिनोजेलिन नावाचं प्रोटीन तोडून ते पातळ करतो. म्हणून वीर्यात पीएसए मिलिग्रॅममधे मोजतात आणि रक्तात नॅनोग्रॅममधे, फरक जवळपास दहा लाख पटींचा. रक्तात तो मुळात जायलाच नको असतो.

आता कॅन्सर. आपल्या नेहमीच्या स्लाइडवर निरोगी ल्युमिनल पेशी फिकट, स्वच्छ पांढुरक्या दिसतात आणि कॅन्सरच्या पेशी त्या मानाने गडद. वर्षानुवर्षं सगळे असंच शिकत आलेत. पण तो पांढुरकेपणा म्हणजे काय तर कण जिथे होते तिथली रिकामी जागा, कारण आपण टिश्यू फॉर्मॅलिनमधे टाकतो आणि फॉर्मॅलिनमधे हे कण टिकत नाहीत. ऑस्ट्रेलियात पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रोनाल्ड कोहेन आणि त्यांच्या सहकार्‍यांनी २०००च्या आसपास ग्लुटाराल्डिहाइड असलेलं फिक्सेटिव्ह, म्हणजे टिश्यू टिकवून ठेवणारं द्रावण, वापरून बघितलं तर त्याच पेशी लालभडक कणांनी ठासून भरलेल्या दिसल्या. आणि त्याच काचेवर शेजारी कॅन्सरच्या नळ्या होत्या त्यात कण फारच थोडे. कॅन्सरच्या आधीची जी पायरी, हाय ग्रेड पिन, तिच्यातसुद्धा कमी झालेले.

म्हणजे कण गेले, साठा गेला, एकेका पेशीमागे पीएसए घटला. टिश्यू कुटून मोजलं तरी कॅन्सरच्या भागात पीएसए निरोगी भागापेक्षा कमीच भरतो. आणि तरी रक्तातला आकडा चढतो! स्टॅन्फर्डच्या थॉमस स्टेमींनी १९८७ मधे हिशोब मांडला होता, त्या वेळच्या किटवर, की साध्या वाढलेल्या प्रोस्टेटचा एक ग्रॅम रक्तातल्या पीएसएमधे मिलिलिटरमागे साधारण ०.३ नॅनोग्रॅमची भर घालतो आणि कॅन्सरचा एक ग्रॅम ३.५ ची. माल कमी आणि गळती दहापट. का, ते खाली बोलू, आधी प्रश्न येऊ देत.

---

शेवंता

खूप छान लिहिलंयत. मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते, गॉल्जी आणि व्हेसिकल (म्हणजे असे पिशवीसारखे कण) आम्ही एका आकृतीत उरकतो आणि मुलं विचारतात याचा उपयोग काय. माझा प्रश्न, कण "गेले" म्हणजे नक्की काय झालं? बनणंच बंद झालं, की बनतात पण साठत नाहीत, लगेच बाहेर पडतात?

---

घाटवाट

वाचतोय. वडिलांची बायॉप्सी झालीय, कॅन्सर आहे, ग्लीसन ३+४ (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा). रिपोर्टमधे "बेसल सेल लेयर ॲबसेंट, पी६३ निगेटिव्ह" लिहिलंय, आणि आता तुमच्या पोस्टमधे बेसल थर वाचला म्हणून विचारतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि दुसरं, एमआरआयच्या रिपोर्टमधे "सेमिनल व्हेसिकल इन्व्हॉल्व्हमेंट नाही" आहे, ते व्हेसिकल हेच का?

---

काचपट्टी

घाटवाट, दुसरं आधी, ते सोपं आहे. सेमिनल व्हेसिकल ही वेगळी ग्रंथी, प्रोस्टेटच्या मागे वर दोन असतात, काही सेंटिमीटर लांबीच्या, वीर्याचा बराचसा द्रव त्यांचा. कॅन्सर तिथपर्यंत पसरलेला नाही असं एमआरआय म्हणतोय, ही चांगली बातमी आहे. मी लिहितेय ते कण पेशीच्या आतले, एका मिलिमीटरमधे हजार मावतील एवढे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे या धाग्याचा गाभाच आहे. पी६३ हा डाग फक्त बेसल पेशींच्या केंद्रकांना लागतो. निरोगी नळीभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ दिसते. कॅन्सरच्या नळीभोवती ती नसते, कारण बेसल थरच नाहीसा झालेला असतो, म्हणून आम्ही तो डाग करून खात्री करतो.

आता दोन्ही जोडून बघा. कॅन्सरच्या पेशीची दिशा बिघडलेली, वर कुठलं खाली कुठलं याचा पत्ता नाही, जे थोडे कण बनतात ते पोकळीकडेच जातील असं नाही, बाजूने तळाकडूनही मोकळे होतात. त्यात खालचा बेसल थर गायब आणि पडदा विस्कटलेला. मग जो पीएसए बाहेर पडतो तो सरळ आजूबाजूच्या टिश्यूत आणि तिथून रक्तात. जास्त बनला म्हणून नाही, चुकीच्या बाजूला गेला म्हणून आकडा वाढला.

आणि याचा पुरावा पिनमधेच आहे. हाय ग्रेड पिनमधे कण कमी झालेले असतात, केंद्रकं कॅन्सरसारखी दिसतात, पण बेसल थर तुटक का होईना शिल्लक असतो. आणि नुसत्या पिनमुळे रक्तातला पीएसए फारसा वाढत नाही. पेशी बिघडलेली, पण भिंत उभी. मला स्वतःला हा पुरावा सगळ्यात पटतो.

---

भीमथडी

म्हणजे असं म्हणायचं का, की भिंतीला ओल आली म्हणून घरात पाण्याचा वापर वाढला असं होत नाही, भिंतीतली नळी फुटलेली असते. वापर उलट कमी झालेला असू शकतो.

मी स्वतः ऑपरेशन झालेला पेशंट आहे, इतकी वर्षं कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

---

काचपट्टी

भीमथडी काका, अगदी बरोबर. आणि काही वेळा ओल तात्पुरती असते. प्रोस्टेटला इन्फेक्शन झालं, लघवी तुंबून कॅथेटर घालावा लागला, बायॉप्सी झाली, तरी पीएसए चढतो, कारण थोड्या काळापुरतं अस्तर बिघडतं. तिथे कॅन्सर नसतो. म्हणून इन्फेक्शन असताना केलेल्या पीएसएवर घाईने निर्णय घेऊ नये, काही आठवड्यांनी परत करतात.

शेवंता, तुमचा प्रश्न चांगला आहे, त्यावर जरा विचार करून लिहिते. इथे कोणी रिसर्चमधे असेल तर त्यांनीही लिहावं.

---

उंबरठा

मी लिहिते थोडं, पेशीच्या बाहेर पडणार्‍या व्हेसिकलवर काम केलंय.

शेवंता, दोन्ही होतं. एकतर पेशीचं "मी स्रावाची पेशी आहे" हे भानच कमी होतं, कण बनवायची सगळी यंत्रणा मंदावते. पीएसएचा जीन अँड्रोजेनवर, म्हणजे पुरुषी हार्मोनवर, चालतो आणि कॅन्सरमधेही तो चालू राहतो, पण माल साठवून ठेवणं, हळूहळू पक्व करणं, वेळ आली की एकदम सोडणं, ही शिस्त जाते. जे बनतं ते थोडं थोडं सतत झिरपत राहतं.

दुसरं, पेशीच्या आत मालाची ने-आण करणार्‍या बाकीच्या पिशव्यासुद्धा बदलतात, म्हणजे एंडोसोम आणि लायसोसोम. ऑस्ट्रेलियातच ॲडलेडच्या एका गटाने २०१४ मधे दाखवलं की कॅन्सरच्या पेशीत सुरुवातीच्या एंडोसोमच्या खुणा, त्यातलं एपीपीएल१ नावाचं प्रोटीन मुख्य, वाढलेल्या आणि पेशीत वेगळ्या जागी पसरलेल्या दिसतात. टिश्यूवर त्याचा डाग लावला तर कॅन्सरची हद्द उठून दिसते. म्हणजे बाहेर सोडण्याचा रस्ता अरुंद होतो आणि आत घेण्याची, फिरवण्याची वाहतूक वाढते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पेशीच्या पृष्ठभागावर कुठले रिसेप्टर किती वेळ राहणार, वाढीचे सिग्नल कधी बंद होणार, हे सगळं या एंडोसोमवर ठरतं.

पण एक अडचण सांगते. यातलं बरंच काम पेशींच्या लाइन, म्हणजे लॅबमधे सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, वापरून होतं. एलएनकॅप ही लाइन १९७७ मधे बफेलोच्या रॉसवेल पार्कमधे एका रुग्णाच्या लिम्फ नोडमधून काढलेली, ती पीएसए बनवते. पीसी-३ हाडातल्या गाठीतून आलेली, ती बनवत नाही. प्लास्टिकच्या डिशवर पसरून वाढणार्‍या पेशीला वर पोकळी नाही, खाली बेसल थर नाही, मग दिशेचा प्रश्न तिथे कसा तपासणार? आणि उंदराकडे जावं तर उंदराला पीएसए हा जीनच नाही. म्हणून काचपट्टी ज्या करतात त्या टिश्यूच्या कामाला पर्याय नाही.

---

रानजाई

वर जस्त वाचलं. व्हॉट्सॲपवर सारखं येतं की प्रोस्टेटसाठी झिंकच्या गोळ्या खा, भोपळ्याच्या बिया खा. निरोगी प्रोस्टेटमधे झिंक जास्त असतं आणि कॅन्सरमधे कमी होतं हे खरंय का? खरं असेल तर गोळ्यांनी फायदा व्हायला हवा ना?

---

काचपट्टी

रानजाई, पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

प्रोस्टेटमधे शरीरातल्या इतर मऊ अवयवांच्या मानाने जस्त कितीतरी जास्त असतं, हे १९५०च्या दशकातच मोजलं गेलंय. ल्युमिनल पेशी झिप१ नावाच्या वाहकाने रक्तातून जस्त ओढून घेते, त्यातलं काही स्रावाच्या कणांत भरलं जातं, तिथे ते पीएसएला गप्प बसवून ठेवतं, म्हणजे एन्झाइम पेशीच्या आत भलतंच काही तोडत नाही. बाकीचं जस्त मायटोकाँड्रियात एक मोठं काम करतं. तिथे ॲकॉनिटेज नावाचं एन्झाइम असतं, सायट्रेटला पुढच्या पायरीवर नेणारं. जस्त त्याला अडवतं. त्यामुळे क्रेब्स सायकल, म्हणजे पेशीची ऊर्जा बनवायची साखळी, अर्ध्यात थांबते आणि सायट्रेट साठत जातं आणि ते वीर्यासाठी बाहेर सोडलं जातं. शरीरातल्या दुसर्‍या कुठल्याही पेशीने असं केलं तर ती उपाशी मरेल! ही पेशी स्वतःची ऊर्जा सोडून देऊन स्राव बनवते. बाल्टिमोरचे लेस्ली कॉस्टेलो आणि रेंटी फ्रँकलिन यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं या एका गोष्टीवर घालवली.

कॅन्सरमधे झिप१ बंद पडतो. जस्त आत येत नाही, ॲकॉनिटेज मोकळं होतं, सायट्रेट जळायला लागतं, पेशीला जास्त ऊर्जा मिळते आणि ती ऊर्जा वाढीला लागते. म्हणजे स्रावाचा धंदा सोडणं हे कॅन्सरच्या पेशीच्या फायद्याचं आहे. कण कमी होणं, जस्त जाणं, सायट्रेट जाणं, या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, पेशीने एकच काम सोडलं त्याच्या या तीन बाजू आहेत. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआयच्या मशीनने टिश्यूतली रसायनं मोजतात त्यात, तर हे जिवंत माणसात दिसतं, कॅन्सरच्या जागी सायट्रेटचं शिखर बसतं आणि कोलीनचं चढतं.

आता गोळ्या. दारच बंद झालंय, रक्तात कितीही जस्त वाढवलं तरी त्या पेशीत ते शिरणार नाही. आणि अमेरिकेत आरोग्य क्षेत्रातल्या जवळपास ४७ हजार पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास २००३ मधे छापून आला, त्यात दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जस्ताच्या गोळ्या घेणार्‍यांमधे पुढच्या स्टेजच्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका दुपटीहून जास्त दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, जस्तानेच झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण गोळ्या खा असं तर त्यातून मुळीच निघत नाही. बिया खायच्या तर खुशाल खा, खाणं म्हणून. मनाने झिंकच्या गोळ्या सुरू करू नका, प्लीज.

---

रानजाई

बापरे. आमच्या सोसायटीत निम्मे काका लोक घेतात. ही पोस्ट ग्रुपवर टाकू का?

---

काचपट्टी

जरूर टाका. डॉक्टरांनी कमतरता म्हणून लिहून दिली असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट, ती बंद करायला सांगू नका.

---

घाटवाट

वडिलांचा पीएसए ७.८ होता आणि फ्री पीएसए ९ टक्के. यूरॉलॉजिस्ट म्हणाले फ्री कमी आहे म्हणून बायॉप्सी करू. ते मला तेव्हा उलटं वाटलं, कमी असणं वाईट कसं? हे पण या कणांच्याच गोष्टीत बसतं का?

---

काचपट्टी

बसतं, आणि फार सुंदर बसतं.

पीएसए आधी अपूर्ण रूपात बनतो, त्याला प्रोपीएसए म्हणतात, टोकाचा एक तुकडा कापला गेला की तो कामाला लागतो. निरोगी नळीत किंवा साध्या वाढलेल्या प्रोस्टेटमधे तो पोकळीत बराच वेळ पडून राहतो, तिथे दुसरी एन्झाइम त्याला मधेच कापतात आणि तो निकामी होतो. असा निकामी पीएसए हळूहळू रक्तात झिरपला तर त्याला कोणी पकडत नाही, तो मोकळाच फिरतो. तोच फ्री.

कॅन्सरमधे पीएसए पोकळीत न जाताच बाजूच्या वाटेने रक्तात येतो. त्यातला जो कामाचा असतो त्याला रक्तातलं अँटिकायमोट्रिप्सिन नावाचं प्रोटीन लगेच धरून ठेवतं. म्हणून धरलेला जास्त, मोकळा कमी. फ्री कमी म्हणजे माल नेहमीच्या वाटेने आलेला नाही, याची शंका. पीएसए ४ ते १० मधे असताना फ्री २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता ८ टक्के आणि १० टक्क्यांच्या खाली असेल तर ५६ टक्के, हे अमेरिकेतल्या १९९८ च्या मोठ्या अभ्यासातले आकडे, अजूनही वापरले जातात. तुमच्या यूरॉलॉजिस्टनी योग्यच केलं.

आणि कॅन्सरमधे जो थोडा फ्री असतो त्यात प्रोपीएसएचा वाटा जास्त असतो, म्हणजे घाईत सुटलेला अर्धवट माल. प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स नावाची टेस्ट त्यावरच आहे.

---

शेवंता

मुलांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पेशीतली वाहतूक बिघडली की रक्ताच्या रिपोर्टमधे काय दिसतं ते थेट.

एक विचारू का, पीएसएच्या आधी काय करायचे?

---

काचपट्टी

त्याच कणांतलं दुसरं एन्झाइम मोजायचे! ॲसिड फॉस्फटेज. १९३८ मधे न्यूयॉर्कला ॲलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरलेल्या पेशंटच्या रक्तात ते वाढलेलं असतं. मग १९४१ मधे शिकागोला चार्ल्स हगिन्सनी वृषण काढून टाकल्यावर किंवा इस्ट्रोजेन दिल्यावर तोच आकडा उतरतो हे दाखवलं, हार्मोनच्या उपचाराची सुरुवात तिथून, १९६६ मधे नोबेल मिळालं. विचार करा, त्या काळात कणांविषयी एवढं काही माहीत नव्हतं तरी कणातलाच माल रक्तात शोधत होते. पीएसए त्यानंतर खूप उशिरा, अमेरिकेत औषधं आणि टेस्टना मान्यता देणार्‍या एफडीएने तो १९८६ मधे उपचारानंतरच्या देखरेखीसाठी आणि १९९४ मधे निदानाला मदत म्हणून मान्य केला.

---

भीमथडी

आणि ऑपरेशननंतर तो शून्याजवळ यायला हवा असं आमचे डॉक्टर म्हणायचे. पहिल्या महिन्यात मी सारखा लॅबमधे जायचो, ते म्हणायचे एवढी घाई नको.

---

काचपट्टी

हो, रक्तातला पीएसए दर दोन-तीन दिवसांनी अर्धा होतो, त्यामुळे सगळं ओसरायला काही आठवडे लागतात. त्याआधी केलेली टेस्ट उगाच घाबरवते. साधारण सहा आठवड्यांनी बघतात. ग्रंथीच काढून टाकली म्हटल्यावर पीएसए सोडणारी पेशी शरीरात कुठेच उरायला नको, म्हणून तिथे अगदी छोटा आकडासुद्धा महत्त्वाचा.

आणखी एक, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर पीएसए सहा महिने ते वर्षभरात निम्म्यावर येतो, कारण पेशीची स्रावाची यंत्रणाच त्या गोळीने मंदावते. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ही गोळी आपल्याकडे सर्रास देतात आणि लॅबमधे कोणी सांगत नाही. आकडा ३ आला तर तो ६ समजून वाचायला हवा. घरात कोणी घेत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

---

उंबरठा

मोठ्या कणांबद्दल झालं, आता लहान पिशव्यांबद्दल लिहिते कारण नवीन टेस्ट तिथून येतायत.

प्रोस्टेटची पेशी कणांशिवाय आणखी एक गोष्ट सोडते, अगदी बारीक पडद्याच्या पिशव्या. स्वीडनमधे गुन्नार रॉन्क्विस्ट यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी त्या वीर्यात शोधल्या, पुढे त्यांना प्रोस्टासोम नाव पडलं. जगात एक्सोसोमचा (पेशी बाहेर सोडतात त्या अशाच बारीक पिशव्या) बोलबाला सुरू व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण फार कमी लोकांना माहीत आहे. त्या पेशीच्या आत एका मोठ्या पिशवीत तयार होतात, मग ती पिशवी पेशीच्या कडेला जाऊन फुटते आणि आतल्या सगळ्या बाहेर. त्यांच्या पडद्यात कोलेस्टेरॉल खूप, त्यामुळे त्या टणक. शुक्राणूंना चिकटतात, त्यांची हालचाल टिकवायला, स्त्रीच्या शरीरात त्यांचं रक्षण करायला मदत करतात असं मानलं जातं.

गंमत अशी की कॅन्सरमधे मोठे कण कमी होतात पण या बारीक पिशव्या सोडणं पेशी थांबवत नाही. फक्त त्या जायच्या तिथे न जाता आजूबाजूच्या टिश्यूत आणि रक्तात जातात, आणि त्यांच्या आत आता कॅन्सरचा आरएनए आणि प्रोटीन. शेजारच्या निरोगी पेशी, रोगप्रतिकारक पेशी त्या गिळतात आणि त्यांचं वागणं बदलतं. २००९ मधे लघवीतल्या एक्सोसोममधून पीसीए३ आणि टीएमपीआरएसएस२-ईआरजी या कॅन्सरच्या दोन आरएनए खुणा वाचता येतात हे दाखवलं गेलं. त्याच तत्त्वावर आता अमेरिकेत लघवीची टेस्ट मिळते, बायॉप्सी करायची की थांबायचं हे ठरवायला मदत म्हणून. बायॉप्सीऐवजी नाही, आधी.

---

रानजाई

मग भारतात पीएसएचं स्क्रीनिंग सगळ्यांना का करत नाहीत? आपल्याकडे सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कॅन्सर आहेत ना.

---

काचपट्टी

हो, तेवढेच. आणि सरसकट पीएसए करणं बरोबर की नाही यावर जगभर वाद आहे, कारण खूपशा हळू वाढणार्‍या गाठी सापडतात ज्यांनी त्या माणसाला कधीच त्रास झाला नसता, आणि मग ऑपरेशनचे त्रास. माझं मत विचाराल तर पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून, दोन्ही बाजू समजून घेऊन करावी, आणि वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर थोडं आधी. पण हेल्थ पॅकेजमधे आहे म्हणून न विचारता केलेली आणि मग ४.३ बघून रात्रभर झोप उडालेली, अशी टेस्ट नको. आकडा म्हणजे गळती. गळती कशाने, ते शोधायला एमआरआय, फ्री पीएसए, प्रोस्टेटच्या आकाराशी तुलना, हे सगळं आहे.

---

घाटवाट

मग पीएसए कमी असेल तर निश्चिंत व्हायचं का? वडिलांच्या मित्राचा २ होता आणि तरी पसरलेला निघाला म्हणतात, आम्हाला वाटलं लॅबची चूक.

---

काचपट्टी

लॅबची चूकच असेल असं नाही. स्राव सोडून देण्याचा प्रवास काही गाठींमधे अगदी टोकाला जातो. ग्लीसन ५ मधे नळ्याच उरत नाहीत, सुट्या पेशी, त्यातल्या काही पीएसए जवळजवळ बनवतच नाहीत. भिंत पूर्ण पडलेली पण गळायला माल नाही, म्हणून आकडा छोटा. जास्त ग्रेड आणि कमी पीएसए ही जोडी त्यामुळेच काळजीची असते.

आणि एक प्रकार आणखी वेगळा, न्यूरोएंडोक्राइन. बर्‍याचदा वर्षानुवर्षं हार्मोनचे उपचार घेतल्यावर काही पेशी अँड्रोजेनवर अवलंबून राहणंच सोडतात आणि चेहरामोहराच बदलतात. गंमत म्हणजे त्यांच्यात परत कण दिसतात, पण ते जुने नाहीत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली लहान, मधे गडद ठिपका असलेले, मज्जासंस्थेच्या पेशीत असतात तसे, आत क्रोमोग्रॅनिन नावाचं प्रोटीन. पीएसए नाहीच. पेशंटचं यकृत गाठींनी भरलेलं आणि पीएसए मात्र शांत. अशा वेळी क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायझिनचे डाग लावतो, पुन्हा बायॉप्सी मागतो. हल्ली जो पीएसएमए पेट स्कॅन करतात, प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रोटीन शोधणारा, तोसुद्धा इथे फसू शकतो, कारण ते प्रोटीनही या पेशी गमावून बसतात, म्हणून साधा, साखर खाणार्‍या पेशी दाखवणारा एफडीजी पेट करावा लागतो.

---

घाटवाट

वडिलांच्या रिपोर्टमधे क्रोमोग्रॅनिनचा उल्लेखच नाही. आम्ही ती टेस्ट करून घ्यायला सांगायला हवी का?

---

काचपट्टी

नको. रिपोर्टवर "ॲसिनार ॲडिनोकार्सिनोमा" असेल बघा. तो नेहमीचा प्रकार, ३+४ मधे नळ्या अजून बनलेल्या असतात, पीएसए ७.८ म्हणजे पेशी अजून स्रावाचं काम करतायत. असा डाग आम्ही तिथे लावतच नाही, पेशी बघून शंका आली तरच लावतो. तुम्ही यूरॉलॉजिस्टना एवढं विचारा, की ४ चा भाग किती टक्के आहे आणि त्यात क्रिब्रिफॉर्म, म्हणजे चाळणीसारखा, नमुना आहे का. पुढे नुसतं लक्ष ठेवायचं की उपचार, हे ठरवताना त्या दोन उत्तरांचा मोठा वाटा असतो. रिपोर्टमधे लिहिलं नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडून लिहून मागता येतं, ब्लॉक आणि स्लाइड सांभाळून ठेवलेल्या असतात.